लेकीची फिजिओथेरपी: विट्याहून पुणे आणि परत घरी

१२ फेब्रुवारी ते २२ मार्च २०२४ हे सहा आठवडे मी माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन पुण्यात एका खोलीत राहिलो. आठवड्यातले पाच दिवस, सकाळी एक तास आणि दुपारी एक तास फिजिओथेरपी. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम झालाय. डॉक्टर त्यातल्या तिच्या प्रकाराला स्पास्टिक डायप्लेजिया म्हणतात. दोन्ही पाय ताठर, हातांवर परिणाम बराच कमी. निघायच्या आधी मी पुष्कळ शोधाशोध केली. असं सलग थेरपीला गेलेल्या एखाद्या आईबापानं मराठीत काही लिहून ठेवलंय का? पैसे किती लागतात, पोर रडली तर काय करायचं, घरी परतल्यावर त्यातलं काय टिकतं? फारसं हाती लागलं नाही, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, विट्यात एका पतसंस्थेत कामाला आहे. त्यामुळे हे आमच्या लेकीपुरतं आहे असं समजून वाचा. प्रत्येक मुलाचं गणित वेगळं असतं.

थोडं मागून सांगतो. लेक ऑगस्ट २०१९ मध्ये जन्मली, एकतिसाव्या आठवड्यात, वजन दीड किलोच्या आत. सांगलीत महिनाभर काचेच्या पेटीत होती. घरी येऊन सावरतोय तोवर लॉकडाऊन लागला. दहा महिन्यांची झाली तरी बसेना. उचलून घेतलं की पाय एकमेकांवर चढायचे आणि उभं धरलं तर टाचा टेकायच्याच नाहीत. आई म्हणायची, काही पोरं उशिरा बसतात, हिचा चुलताही उशिरा चालला होता. डिसेंबर २०२० मध्ये बालरोगतज्ज्ञांनी पाय हातात घेऊन दोन-तीनदा झटकन वाकवून पाहिले आणि एमआरआय करायला सांगितलं. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. रिपोर्टात पीव्हीएल लिहिलं होतं. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेच्या पांढऱ्या भागाला इजा झालेली, आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके तिथूनच जातात. कमी दिवसांच्या बाळांमध्ये हे दिसतं. डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलेलं एक वाक्य पुढे कायम कामी आलं: मेंदूतली इजा वाढणार नाही आणि भरूनही येणार नाही, पण स्नायूंवरचा परिणाम मूल वाढेल तसा बदलत राहील, म्हणून लक्ष ठेवावं लागेल.

सांगलीला सरकारी डीईआयसी केंद्रात, म्हणजे लहान मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्रात, थेरपी सुरू झाली. ही केंद्रं ज्यात येतात तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यात तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. अंगणवाडीत तपासणीला येणारं पथक तिथंच चिठ्ठी देतं. तुमच्याकडे चिठ्ठी नसली तरी केंद्रात जाऊन विचारा. आठवड्यातून दोनदा जायचो. जाता-येता अख्खा दिवस जायचा, पण एक पैसा लागला नाही, आणि लेक बसायला, पोटावर सरकायला, धरून उभी राहायला शिकली ती तिथंच.

तिथल्या फिजिओथेरपिस्टनं आम्हाला पहिल्यांदा जीएमएफसीएस समजावून सांगितलं. कॅनडातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये केलेली ही पाच पातळ्यांची वर्गवारी आहे. मूल रोजच्या जगण्यात कसं हलतं यावरून पातळी ठरते. आमची लेक पातळी तीनमध्ये. वॉकर किंवा काठ्या असं काहीतरी हातात धरून चालणारी मुलं या पातळीत येतात. बायको त्या रात्री खूप रडली. मीही रडलो. पण खोटं कशाला बोलू, त्यानंतर डोकं शांत झालं. त्या आधी दर पाहुणा एकच विचारायचा, "चालेल ना?" आणि आम्हीही प्रत्येक डॉक्टरला तेच विचारत होतो. आता निदान विचारायचं काय ते कळलं. आणखी एक गोष्ट कळली. मोठ्या अभ्यासांत असं दिसलंय की पातळी तीनमधली मुलं उठणं-बसणं-चालणं यातली आपली बहुतेक क्षमता साधारण चौथ्या वर्षापर्यंत गाठतात. पुढे शिकणं थांबतं असं नाही, पण सुरुवातीची वर्षं फार मोलाची असतात. तुमचं मूल लहान असेल तर पातळी कोणती, हे स्पष्ट शब्दांत विचारून घ्या.

कागदपत्रांचं इथंच सांगून टाकतो, कारण थेरपीच्या मध्ये हे जमत नाही. जुलै २०२२ मध्ये यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबनच्या पोर्टलवर अर्ज केला. ऑक्टोबरमध्ये बोर्डापुढे तपासणी झाली, डिसेंबरात कार्ड पोस्टानं घरी आलं. दिव्यांगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या आत असलेल्यांचं कार्ड पिवळं असतं, ८० आणि वर निळं, ४० च्या आत पांढरं. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून लागू होतात. आमचा एक हेलपाटा नावाच्या स्पेलिंगपायी वाया गेला. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं, म्हणून खिडकीवरच्या माणसानं कागद परत केले. लेक कडेवर, बाहेर ऊन, आणि तो मान वर करून बघायलाही तयार नव्हता. त्याचा राग अजून जात नाही. तेव्हा आधी सगळीकडचं नाव एकसारखं आहे का बघा. बोर्डाच्या दिवशी एमआरआयची मूळ फिल्म, रिपोर्ट, जुने केसपेपर आणि मुलासाठी खाऊ-पाणी सोबत ठेवा, दुपार होतेच. लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कार्ड आल्यावर 'निरामय' विम्यात नाव घातलं. राष्ट्रीय न्यासाची ही योजना सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना नोंदणीला ५०० रुपये लागतात. पैसे आपण आधी भरायचे आणि मग बिलं पाठवायची अशी पद्धत आहे. म्हणून प्रत्येक बिलावर तारीखवार नोंद, थेरपिस्टची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक त्याच दिवशी घ्या. महिन्याचं एकत्र बिल घेतलं की नंतर पुन्हा लिहून मागावं लागतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही पुण्यात बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं. लेक चार वर्षांची झाली होती, उंची वाढली होती आणि पोटऱ्या पुन्हा आखडत चालल्या होत्या. डॉक्टरांनी आधी खुब्याचा एक्सरे काढायला लावला. मला वाटलं, दुखणं पायाचं आणि फोटो खुब्याचा कशाला? सेरेब्रल पाल्सीत मांडीचे स्नायू सतत ओढून धरतात, त्यामुळे खुब्याचा गोळा हळूहळू वाटीबाहेर सरकू शकतो, आणि हे बराच काळ दुखत नाही. किती टक्के सरकलाय ते एक्सरेवर मोजतात. ३० च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. लेकीचा डावा खुबा २८ वर होता. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी एक्सरे असतो. तुमच्या मुलाचा कधीच काढला नसेल तर पुढच्या भेटीत नक्की विचारा. हा लेख वाचून एवढं जरी कुणी केलं तरी मला पुष्कळ आहे.

त्यांनी तीन गोष्टी एका ओळीत करायला सांगितल्या: पोटरी आणि मांडीच्या आतल्या स्नायूंत ते सैल करणारी बोटुलिनमची इंजेक्शनं, मग दोन आठवडे प्लास्टर, आणि लगेच सहा आठवडे जोरात थेरपी. इंजेक्शनचा असर काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. स्नायू सैल असतात तेवढ्या काळात पोरीनं नवीन हालचाल शिकून घ्यायची. नुसतं इंजेक्शन देऊन घरी बसलं तर असर उतरतो आणि मूल होतं तिथंच येतं. सगळा जोर त्या शेवटच्या सहा आठवड्यांवर का, ते मला तेव्हा उमगलं.

याच सुमारास नात्यातल्या एकानं स्टेम सेलचं नाव काढलं. काही लाखांचं पॅकेज, फोनवर गोड बोलणारी मुलगी, चालायला लागलेल्या मुलांचे व्हिडिओ. शेत विकायचं का, इथपर्यंत घरात बोलणं गेलं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो फक्त नोंदणी केलेल्या चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. विषय तिथंच संपला. आजीचं तेल मात्र चालू ठेवलं. तेलानं ताठरपणा जात नाही, पण लेकीला आजीचा हात आवडतो आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

१८ जानेवारी २०२४ ला इंजेक्शनं दिली, थोडी भूल देऊन. सकाळी उपाशीपोटी गेलो, संध्याकाळी सुटी. २५ तारखेला दोन्ही पायांना गुडघ्याखाली प्लास्टर घातलं, १ फेब्रुवारीला बदललं आणि ८ ला काढलं. बदलताना घोटा दर वेळी थोडा आणखी वर वाकवून बसवतात. हे दोन आठवडे मला थेरपीपेक्षा अवघड गेले. प्लास्टरच्या आत खाज सुटायची आणि ती रात्री रडून उठायची. पहिल्या दिवशी दर तासाला पायाच्या बोटांची नखं दाबून बघायला सांगितलं होतं: दाबल्यावर पांढरं, सोडल्यावर लगेच गुलाबी. बोटं गार किंवा निळसर वाटली तर रात्री दोनलाही फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोनं जुन्या धोतराच्या घड्या शिवून दोन लांबट उशा केल्या, त्यावर पाय उंच ठेवले की ती झोपायची. खाजेसाठी आत काही घालू नका. हेअर ड्रायरची गार हवा वरून सोडली की थोडं बरं वाटतं.

प्लास्टर काढलं त्याच दिवशी एएफओचं माप दिलं. एएफओ म्हणजे पोटरीपासून तळपायापर्यंतचा प्लॅस्टिकचा आधार, बुटाच्या आत घालायचा. जोड पुढच्या आठवड्यात मिळाला. पहिल्या दिवशी तासभरच घालायचा, काढून कातडी बघायची आणि रोज वेळ वाढवायचा. लाल वण वीस मिनिटांत गेला तर ठीक, नाही गेला तर आधार घासून घ्यायला परत न्यायचा. आमचा डाव्या घोट्याला लागत होता. मोजा सुती हवा आणि त्याला सुरकुती राहता कामा नये. बूट एक-दीड नंबर मोठा आणि पुढून पूर्ण उघडणारा घ्या.

पुण्याला मीच गेलो, कारण धाकटा आठ महिन्यांचा होता आणि बायकोला त्याला सोडून येणं शक्य नव्हतं. बिनपगारी रजा घेतली. पतसंस्थेत मार्च म्हणजे ताळेबंदाचा महिना. साहेबांनी २५ मार्चला हजर होण्याच्या बोलीवर सोडलं, आणि ते उपकार मी मानतो. खोली थेरपी केंद्रापासून पायी पाच मिनिटांवर बघितली. चार पैसे जास्त पडले, पण दिवसातून दोनदा ये-जा असताना रिक्षात मूल दमलं तर सेशन फुकट जातं. खोली तळमजल्यावरच घ्या, कमोड असलेली.

पहिल्या दिवशी थेरपिस्ट ताईंनी विचारलं, "बाबा, सहा आठवड्यांनी काय झालं तर तुम्हाला बरं वाटेल?" मी म्हणालो, चालायला लागावी. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे विचारलं, "घरी ती दिवसभरात तुम्हाला कशाकशासाठी हाक मारते?" पाण्यासाठी, संडासला जायला, खाली पडलेलं उचलून द्यायला, मी सांगत गेलो. मग त्या लेकीकडे वळल्या. "तुला काय करायचंय गं?" लेक म्हणाली, "माठातलं पाणी माझं मी घ्यायचंय."

त्यावरून सगळा आराखडा बसला. ओट्याला एक हात धरून उभं राहायचं, दुसऱ्या हातानं ओगराळं माठात घालायचं, भरून बाहेर काढायचं आणि फुलपात्रात ओतायचं. ऐकायला एवढंसं वाटतं. त्यासाठी एका हातावर तोल पेलायला हवा, कंबर वळवायला हवी, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायला हवं आणि टाच जमिनीला चिकटलेली हवी. बाकीची उद्दिष्टं अशी: स्टुलावरून हात न टेकता उठणं, वॉकर घेऊन वळणं, आणि दांडी धरून कमोडवर बसणं-उठणं. जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. मुलींच्या स्वच्छतागृहात बाप जाऊ शकत नाही. हा विचार माझ्या मनात वर्षभर घोळत होता, तिथं पहिल्यांदा बोलून दाखवला.

सलग थेरपी म्हणजे कुणीतरी पोरीचे पाय तासभर ओढत बसणार, अशी माझी कल्पना होती. ओढणं जेमतेम पाच मिनिटं. बाकी सगळा वेळ लेक स्वतः करत होती. सेरेब्रल पाल्सीत मुलानं स्वतः, स्वतःला हवं असलेलं काम पुन्हा पुन्हा करण्याचा उपयोग होतो. दुसऱ्यानं हालवून दिल्याचा फारसा होत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या संशोधनातून हे ठळकपणे पुढे आलंय, असं ताईंनी सांगितलं. एखाद्या ठिकाणी मूल निपचित पडलंय आणि काम सगळं थेरपिस्टच करतोय असं दिसलं, तर पैसे भरण्याआधी विचार करा.

स्टुलावरून उठायला शिकवण्याची पद्धत जवळून सांगतो, कारण ही घरी करता येते. स्टूल एवढ्या उंचीचं की तळपाय पूर्ण टेकतील. पाय किंचित मागे, गुडघ्यांच्या आत. समोर जरा खाली एक खेळणं. मग ताई सांगायच्या, "नाक पुढे, नाक बोटांच्या पुढे, आता बूड वर." मुलं सरळ वर उठू बघतात आणि मागे कोसळतात. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की वजन आपोआप पायावर येतं. लेक हे मंत्रासारखं म्हणायची, "नाक पुढे, बूड वर." पहिल्या आठवड्यात ताईंचे हात तिच्या गुडघ्यांवर, मग फक्त बोटं, मग हात जवळ पण न लावता. आणि मला सक्त ताकीद: "बाबा, उचलायचं नाही. मनात दहापर्यंत मोजा." ती अडकलीय, चेहरा लाल झालाय, माझ्याकडे बघतेय, आणि मी हात मागे बांधून उभा. माझ्यासाठी या सहा आठवड्यांतली खरी परीक्षा ही होती. सातव्या-आठव्या आकड्याला ती बहुतेक वेळा काहीतरी वाट काढायचीच.

दुसरा आठवडा वाईट गेला. पाय दुखायचे, दुपारच्या सेशनला दारातच रडणं सुरू व्हायचं. मग ताप आला आणि तीन दिवस बुडाले. बरी होऊन आल्यावर दोन दिवस तर पहिल्या आठवड्यातलंही जमेना. मी रात्री बायकोला फोनवर म्हणालो, परत येऊ का? ताईंनी दुपारचं सेशन अर्ध्या तासावर आणलं आणि सगळं पाण्याच्या टबात खेळण्यावर नेलं. रडणं दोन प्रकारचं असतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. कंटाळ्याचं रडणं खेळ बदलला की थांबतं. दुखण्याचं थांबत नाही, आणि ते रडणं आलं की काम तिथंच थांबवायचं. बुडालेली सेशन्स भरून देतात का, हे सुरुवातीलाच विचारा. आमची निम्मी भरून मिळाली.

माठाचा सराव स्टुलावर ठेवलेल्या पातेल्यानं सुरू झाला. आधी रिकामं ओगराळं, मग थेंबभर पाणी. भरलेलं ओगराळं उचललं की तिचा सगळा तोल त्या बाजूला जायचा आणि ती ओटा दोन्ही हातांनी पकडायची, पाणी जमिनीवर. पुसायचं फडकं माझ्या खांद्यावर कायम असायचं. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी आमच्या घरच्या ओट्याची उंची, माठाच्या तोंडाची उंची आणि उंबरठ्याची उंची मागितली. बायकोनं टेप लावून मोजून फोटो पाठवले आणि तशीच मांडणी केंद्रात केली. हे निघायच्या आधीच करून न्या: ओटा, कमोड, पलंग, पायरी, सगळ्यांचं माप आणि फोटो. चौथ्या आठवड्याच्या अखेरीला तिनं अर्धं ओगराळं न सांडता फुलपात्रात ओतलं आणि ते पाणी मला प्यायला दिलं. ताई आणि मी दोघंही काही बोललो नाही. लेकच म्हणाली, "पप्पा, अजून देऊ?"

रविवारी आम्ही सारसबागेत जायचो, वॉकर घेऊन. तिच्या वॉकरची चौकट पाठीमागे असते, रिव्हर्स वॉकर म्हणतात त्याला. त्यानं पाठ सरळ राहते. लोक बघतात, थांबून विचारतात, "काय झालं हो हिला?" सुरुवातीला मी लांबलचक सांगत बसायचो. मग लेकीलाच एक उत्तर शिकवलं, "माझे पाय कडक आहेत, म्हणून मी गाडी घेऊन चालते." ती ठणठणीत आवाजात सांगते आणि पुढे जाते. पुढे शाळेत याचा इतका उपयोग झाला की काय सांगू!

शेवटच्या आठवड्यात पुन्हा मोजमाप झालं. जीएमएफएम नावाच्या चाचणीत उभं राहण्याच्या भागात तिचे गुण २३ टक्क्यांवरून ३६ वर गेले होते. चालण्याच्या भागात वाढ थोडीच. आधाराशिवाय चालली का? नाही. पण स्टुलावरून हात न टेकता उठत होती, वॉकर स्वतः वळवत होती, पाणी घेत होती. कमोडवर बसणं जमलं, उठताना एक बोट लागत होतं. दर पंधरवड्याला मी एकाच कोनातून व्हिडिओ काढत होतो. रोज बघणाऱ्याला फरक जाणवत नाही, तो व्हिडिओत दिसतो.

खर्चाचा हिशेब मांडतो. इंजेक्शनं, भूल आणि रुग्णालय मिळून ४२,०००. प्लास्टर ६,०००. एएफओचा जोड ११,५००. वॉकर ८,०००. थेरपी सेशनला ६०० प्रमाणे ३६,००० च्या आत. खोली १२,०००, जेवणखाण आणि रिक्षा १५,०००. एकूण एक लाख तीस हजारांच्या आसपास, वर बुडालेला पगार. वॉकर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून अलिम्को या सरकारी कंपनीच्या शिबिरात मोफत मिळू शकतो. आमची वेळ जुळली नाही, तुमच्याकडे घाई नसेल तर थांबा. निरामयचे पैसे जुलैत आले, सगळे नाहीत, थेरपीच्या मर्यादेपुरते. स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. त्यातूनही अर्ज करून थोडी मदत मिळाली, उशिरा का होईना. नोकरदारांनी आयकरातली दिव्यांग मुलासाठीची वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) बघावी. ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० पासून सव्वा लाख वजावट, प्रत्यक्ष खर्च किती झाला याचा संबंध नाही. मात्र ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि सेरेब्रल पाल्सीसाठी त्या कायद्याखाली १०-आयए हा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो.

घरी आल्यावर नळकाम करणाऱ्याला बोलावून कमोडशेजारी दांडी बसवली, लेकीला उभं करून तिच्या कोपराच्या उंचीवर. १,८०० रुपये लागले. एवढ्या पैशात एवढं काम आमच्या घरात दुसऱ्या कशानं केलेलं नाही. बायकोनं सगळ्या चड्ड्या-पँटींची बटणं काढून सैल इलॅस्टिक घातलं. ताईंनी दिलेला व्यायामाचा तक्ता आठवडाभर पाळला गेला, मग पाळला जाईना. तेव्हा आम्ही व्यायाम कामांना जोडले: प्रत्येक जेवणाआधी स्टुलावरून उठ-बस, टीव्ही बघायचा तो ओट्याला टेकून उभं राहून, पाणी ज्याला हवं त्यानं तिच्याकडे मागायचं. पाहुण्यांनासुद्धा तीच पाणी देते. जुलैत ती ताडकन उंच झाली आणि पाय पुन्हा आखडले. मी घाबरलो. फोनवर कळलं की हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात, अशा वेळी रात्री पाय ताणण्याचा व्यायाम वाढवायचा. दोन महिन्यांत पूर्ववत झालं.

शाळेसाठी मे महिन्यातच मुख्याध्यापिका बाईंना भेटलो. स्वच्छतागृहात दांडी हवी, एवढंच मागितलं. माप मी नेलं होतं. बाईंनी स्वतः उभं राहून बसवून घेतली. समग्र शिक्षा अभियानातल्या विशेष शिक्षिका महिन्यातून एकदा येऊन बघून जातात. खासगी शाळेचा विचार असेल तर आरटीईच्या २५ टक्के जागांत दिव्यांग मुलं वंचित गटात धरतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र मात्र लागतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही तीन आठवड्यांचा दुसरा टप्पा केला, इंजेक्शनशिवाय, सुटीत. या वेळी लेक, बायको आणि धाकटा गेले आणि मी विट्यात राहिलो. या वेळचं उद्दिष्ट लेकीनं आधीच ठरवलं होतं: वर्गात फळ्यापर्यंत जाऊन खडू हातात धरून उभं राहायचं. आता ती पहिलीत आहे. फळ्याशी उभी राहते, डावा हात कट्ट्यावर. संडासला एकटी जाते. घाई असेल तेव्हा मावशींना हाक मारते. डावा खुबा २६ वर आहे. पुढे आठ-नऊ वर्षांची झाल्यावर स्नायूंच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, असं डॉक्टर म्हणालेत. त्याची भीती वाटते, पण ती वेळ आल्यावर बघू. येत्या डिसेंबरात पुन्हा एक्सरे आहे. तो बघून उन्हाळ्यात पुण्याला जायचं का ते ठरवू, कारण रजेचा अर्ज मला जानेवारीतच द्यावा लागतो.